जबड्यात गाठ निघाली, कॅन्सर नाही: आता पुढे काय करायचं

माझी सगळी नोकरी एका सरकारी दंत महाविद्यालयात झाली, जबड्याच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात. तंबाखूच्या कॅन्सरचे पेशंट आमच्याकडे रोजचे. त्यांच्या मधल्याच एखाद्या खाटेवर अधूनमधून असा पेशंट येई, की ज्याला व्यसन नाही, दुखणं नाही, वजन घटलेलं नाही, फक्त एका बाजूचा गाल पुढे आलेला. केसपेपरवर लिहिलेलं असे: अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्याच्या हाडात वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ. नातेवाईक दारातच गाठत, ‘सिस्टर, कॅन्सर तर नाही ना?’ नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडे, आणि तिथूनच काळजीचं खरं कारण सुरू होई. कोणी म्हणे, कॅन्सर नाही तर एवढं मोठं ऑपरेशन कशाला? कोणी म्हणे, सुगी उरकून दिवाळीनंतर येतो. हे लिहिते आहे ते त्या नातेवाइकांसाठी. ऑपरेशन सर्जन करतील. त्याच्या आधीचे निर्णय आणि नंतरचे काही महिने मात्र घरच्यांच्या हातात असतात.

ही गाठ येते कुठून

दात तयार होताना जबड्यात खास पेशी काम करतात. काही पेशी दाताचं वरचं कडक आवरण घडवतात, काही आतला भाग. दात आला की त्यांचं काम संपतं, पण थोड्या पेशी हाडात आणि हिरडीत मागे राहतात. त्यातल्याच काही पुढे कधीतरी वाढू लागल्या की अशी गाठ बनते. ती मिश्री लावल्याने होत नाही, सुपारीने होत नाही, लहानपणी दाढ काढल्याने होत नाही. आमच्या वॉर्डात सुनेला ‘मिश्रीनेच झालं’ म्हणून बोलणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. कृपा करून असं बोलू नका. २०१४ मध्ये संशोधकांना अमेलोब्लास्टोमाच्या बऱ्याच गाठींमध्ये, विशेषतः खालच्या जबड्यातल्या, बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल सापडला. त्यावर चालणाऱ्या गोळ्याही निवडक पेशंटना देऊन पाहिल्या आहेत. नेहमीचा उपचार मात्र आजही शस्त्रक्रियाच आहे.

संशय कधी घ्यायचा

सूज हळूहळू वाढते, कधी कधी वर्षानुवर्षं, आणि बहुतेक वेळा दुखत नाही. न दुखणारी सूज लोक अंगावर काढतात, ही आपल्याकडची मोठी अडचण. एका बाजूच्या दाढा अचानक हलू लागल्या, दातांची ठेवण बदलली, कवळी बसेनाशी झाली, किंवा मुलाचा एखादा दात वय उलटूनही आलाच नाही आणि तिथे फुगवटा आहे, तर दंतवैद्याकडे जा आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे फोटो काढायला सांगा. त्याला ओपीजी म्हणतात. यंत्र चेहऱ्याभोवती फिरतं, मिनिटभरात काम होतं.

खालच्या ओठाला मुंग्या येत असतील किंवा तो बधिर वाटत असेल, सूज आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, किंवा तोंडात न भरणारी जखम असेल, तर वाट पाहू नका. या गाठींचं ते नेहमीचं वागणं नव्हे. मग वेगळा आजार आहे असं धरून त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात दाखवा.

अनेक पेशंटची कहाणी एकसारखी असे. दाढ हलते म्हणून ती काढली, जखम भरेना, म्हणून शेजारची काढली, मग प्रतिजैविकांचे कोर्स, एकामागून एक. कुठेच फोटो काढलेला नसे. म्हणून माझं सांगणं एवढंच: कीड नसताना दाढ हलत असेल, तर ती काढून घेण्याआधी फोटो. आणि गालाला गरम शेक, लेप, मालिश यातलं काही करू नका. गाठ त्याने विरत नाही. मध्येच जंतुसंसर्ग झालेला असेल तर शेकाने उलट सूज चढते.

तपासण्या, त्यांच्या क्रमाने

ओपीजीत अमेलोब्लास्टोमा बहुतेकदा खालच्या जबड्यात, मागच्या दाढांजवळ दिसतो. सुमारे ८० टक्के गाठी खालच्याच जबड्यात होतात. फोटोत एक मोठी काळी पोकळी दिसते किंवा साबणाच्या फेसासारखे लहान-मोठे कप्पे दिसतात. दाढांची मुळं गाठीपाशी झिजून तुटक झालेली असतात. त्यात बऱ्याचदा एखादी न उगवलेली अक्कलदाढ अडकलेली असते. फोटोवरून डॉक्टर अंदाज बांधतात, निदान करत नाहीत. इतर गाठी आणि साध्या पाण्याच्या पिशव्याही फोटोत अशाच दिसू शकतात.

पुढची पायरी सुईची. गाठीत सुई घालून ओढून पाहतात. पिवळसर पाणी आलं तर एक दिशा, काहीच आलं नाही तर दुसरी, आणि भसाभसा रक्त आलं तर डॉक्टर तिथेच थांबतात, कारण रक्तवाहिन्यांच्या गाठीला चीर दिली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘सुई कशाला, थेट कापा’ असा आग्रह धरू नका.

त्यानंतर तुकडा तपासणी. तोंडातूनच, जागा बधिर करून गाठीचा छोटा तुकडा घेतात. ‘तुकडा काढला की गाठ चिघळते, पसरते’ ही भीती मी गावोगावच्या लोकांकडून ऐकली आहे. ती खरी नाही. तुकड्याशिवाय गाठीची जात कळत नाही, आणि जात कळल्याशिवाय ऑपरेशन किती मोठं करायचं हे ठरत नाही. शेवटी सीटी स्कॅन किंवा सीबीसीटी (दात-जबड्याचा खास स्कॅन), म्हणजे हाड आतून-बाहेरून किती पातळ झालंय आणि गाठ हाड फोडून बाहेरच्या मांसात आली आहे का ते समजतं.

या सगळ्या काळात एक जाड प्लास्टिकची फाईल करा. ओपीजीची मूळ फिल्म, स्कॅनची सीडी, तुकड्याचा रिपोर्ट. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर पॅथॉलॉजीतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घेता येतात. पुष्कळांना हे माहीतच नसतं. नुसता रिपोर्टचा कागद पाहून दुसरा पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही.

रिपोर्टवर कोणतं नाव आहे, त्यावर सगळं

इथे थांबून नीट वाचा, कारण शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नसतो.

ओडोंटोमा असेल तर निर्धास्त राहा. यात दाताचाच ऐवज वेडावाकडा जमा झालेला असतो, कधी कधी शेकडो चिमुकले दात. २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विदर्भातून आलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून असे २३२ दात काढले होते, आणि २०१९ मध्ये चेन्नईत एका ७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६. एवढे निघाले तरी गाठ साधीच. जबडा कापावा लागत नाही, आणि ती सहसा परत येत नाही.

किशोरवयीन मुलीला वरच्या जबड्यात, न आलेल्या सुळ्याभोवती गाठ असेल, तर ती बहुधा अॅडेनोमॅटॉइड प्रकारची निघते. ती आवरणासकट सुटून येते आणि विषय संपतो. लग्नाच्या वयाची मुलगी आहे म्हणून आईबाप घाबरून लपवतात, त्याची काहीच गरज नाही.

पिंडबोर्ग ट्यूमर फार दुर्मीळ. डेन्मार्कच्या ज्या मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांनी १९५५ मध्ये तो वेगळा ओळखला, त्यांनीच पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांबरोबर भारतातल्या खेड्यांमधल्या तोंडाच्या रोगांवर मोठं काम केलं, म्हणून हे नाव आमच्या विभागात आदराने घेतलं जाई. मिक्झोमा बुळबुळीत असतो, त्याला आवरण नसतं. त्यामुळे तो कडेकडेने हाडात शिरतो आणि खरवडून पूर्ण निघत नाही.

आणि अमेलोब्लास्टोमा. यात दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. एकच पिशवी असलेला प्रकार तरुणांत दिसतो आणि काही वेळा कमी कापाकापीत भागतं. नेहमीचा, भरीव किंवा अनेक कप्प्यांचा प्रकार मात्र हाडाच्या पोकळ्यांमधून, फोटोत दिसते त्याच्याही पुढे गेलेला असतो. तो नुसता खरवडून काढला तर निम्म्याहून अधिक वेळा परत आल्याचं नोंदलेलं आहे. म्हणून सर्जन गाठीच्या दोन्ही बाजूंचं १ ते २ सेंटिमीटर चांगलं हाडसुद्धा काढतात. हे ऐकून पेशंटच्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळायचं: ‘चांगलं हाड कशाला कापता हो?’ मी त्यांना दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेले पेशंट दाखवायची. पहिल्या वेळी इंचभर जबडा गेला असता, तिथे आता अर्धा जातो. वरच्या जबड्यातली गाठ तर नाकाच्या पोकळीतून डोळ्याकडे आणि मेंदूच्या तळाकडे सरकू शकते. तिथे ‘बघू पुढच्या वर्षी’ अजिबात चालत नाही.

सर्जनना हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं वहीत लिहा. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची? हाड पूर्ण तोडणार की खालची कड शाबूत राहील? रिकाम्या जागी काय बसवणार, पायाचं हाड की कमरेचं, आणि त्याच वेळी की नंतर? दात कधी आणि कसे बसतील? खालच्या ओठाची संवेदना राहील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं, कारण ओठाची नस त्याच हाडातून जाते. ओठ हलतो, पण त्या बाजूला चहा सांडला तरी कळत नाही. हे आधी सांगितलेले पेशंट सहज जुळवून घेतात. न सांगितलेले महिनोन्‌महिने झुरतात.

भरती होण्याआधी

पैशांचं आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयानंतर महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जा आणि नेमकं विचारा: जबडा काढण्याचं आणि जबडा पुन्हा बांधण्याचं, दोन्ही पॅकेजेस इथे मंजूर होतात का? हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट त्यात धरली आहे का? मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारात, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय जवळ पडतं.

तंबाखू, बिडी, मिश्री बंद, आणि तीही ऑपरेशनच्या निदान काही आठवडे आधीपासून. गाठ तंबाखूने झालेली नाही हे खरं, पण बसवलेल्या हाडाच्या जोडलेल्या बारीक रक्तवाहिन्या तंबाखूने आकसतात आणि बसवलेलं हाड मरू शकतं. उरलेल्या दातांची स्वच्छता करून घ्या. पायाचं हाड घेणार असतील तर पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफी होते, म्हणजे त्यांतून रक्त नीट वाहतंय का ते पाहतात. त्या पायाला सलाईन किंवा इंजेक्शन देऊ देऊ नका, आणि जुनी मोडतोड झालेली असेल तर आवर्जून सांगा.

पायाचं हाड म्हटलं की घरातले हादरतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असतं, फिब्युला. शरीराचा भार मुख्यतः जाड नडगीवर असतो. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा काही सेंटिमीटर भाग राखून मधलं हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढतात, जबड्याच्या आकारात कापून टायटॅनियमच्या प्लेटवर बसवतात आणि रक्तवाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडतात. १९८९ पासून जबड्यासाठी ही पद्धत रूढ होत गेली. फट लहान असेल तर कमरेचं हाड पुरतं.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस

पेशंट अतिदक्षता विभागातून बाहेर येतो तेव्हा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजलेला असतो. कधी श्वासासाठी गळ्याला छोटं छिद्र केलेलं असतं, नाकातून नळी, मानेला साचलेलं रक्त-पाणी ओढून घेणारी ड्रेनची बाटली. लहान मुलांना या दिवसांत भेटायला आणू नका. पेशंटला बोलता येत नाही, म्हणून पाटी किंवा वही-पेन उशाशी ठेवा.

तोंडात, हाडाबरोबरच घेतलेल्या पायावरच्या कातडीचा एक तुकडा शिवलेला दिसेल. सिस्टर तासातासाला बॅटरी लावून तो पाहतात, हातमोज्याच्या बोटाने दाबतात, उष्ण आहे का बघतात, डॉप्लरचा ठोका ऐकतात. रात्री झोपमोड होते म्हणून चिडू नका. तो तुकडा पांढराफटक पडला तर रक्त आत येत नाही, निळा-जांभळा झाला तर बाहेर जात नाही. अशा वेळी काही तासांत पुन्हा थिएटरमध्ये नेलं तरच हाड वाचतं. तुमच्या लक्षात रंग बदललेला आला, तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी हाक मारा.

गळ्यात काही नको. मंगळसूत्र, साखळी, गंडा, ताईत, सगळं काढून घरच्या माणसाकडे द्या. मानेतल्या जोडावर दाब आला की रक्त थांबतं. एका आजींनी नातवाच्या गळ्यात अंगाऱ्याची पुडी दोऱ्याने बांधली होती. मी ती सोडून त्यांच्याच हातात दिली आणि उशीखाली ठेवायला सांगितली. त्या खूश, आणि नातवाची मान मोकळी. मान एका बाजूला वळवू नये, असं डॉक्टर सांगतील ती बाजूही लक्षात ठेवा.

नळीचं जेवण

साधारण आठवडा-दहा दिवस सगळं जेवण नाकातल्या नळीतून. हे काम नातेवाइकांनीच शिकून घ्यावं, कारण काही जण नळीसकट घरी जातात.

आधी हात धुवा. पेशंटला उशा लावून बसतं करा. नाकपुडीपाशी नळीवर केलेली पेनाची खूण जागेवर आहे ना बघा. ती सरकली असेल तर काही घालू नका, सिस्टरना बोलवा. सिरिंजने थोडं ओढून पोटातलं पाणी येतंय का पाहा. मग सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नुसती नळकांडी नळीला लावा, पेशंटच्या डोक्याच्या थोडी वर धरा आणि कोमट जेवण ओता. ते आपोआप उतरू द्या. दट्ट्याने ढकलू नका. एका वेळी २०० मिलिलिटरच्या आसपास, दर दोन तासांनी, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. ठसका लागला की लगेच थांबा. शेवटी ३० ते ५० मिलिलिटर स्वच्छ पाणी घाला, नाहीतर नळी आतून चिकटते. नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करू नका.

काय द्यायचं? मुगाच्या डाळीचं कढण, नाचणीच्या सत्वाची पातळ आंबील, दूध, ताक, आहारतज्ज्ञांनी दिलेली प्रोटीन पावडर, मटण किंवा कोंबडीचा अळणी रस्सा. सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळा, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून. फोडणी घालू नका. मोहरीचा एक दाणा नळी बंद करायला पुरतो, आणि ऑपरेशन झालेल्या तोंडात नवी नळी घालणं पेशंटला सोसत नाही. कच्चं अंडं नको. मधुमेह असेल तर साखर-गूळ विचारूनच.

नळी निघाली की घोट घोट पाणी, मग पातळ, मग मऊ: गुरगुट्या भात, वरण, शिरा, उकडलेलं रताळं, कुस्करलेलं केळं. भाकरी दुधात भिजवून कुस्करली की आमच्या पेशंटच्या डोळ्यांत पाणी यायचं. इतक्या दिवसांनी ओळखीची चव मिळालेली असे. खाल्ल्यावर प्रत्येक वेळी कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ. क्लोरहेक्झिडिनचं औषधी पाणी दिलं असेल तर ते आणि टूथपेस्ट यात अर्धा तास ठेवा. त्या पाण्याने दातांवर तपकिरी डाग येतात, ते नंतर निघतात.

घरी गेल्यावर

पायाची बोटं पहिल्या दिवसापासून हलवायला लावा. वॉकर घेऊन चालणं डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा आठवडाभरात सुरू होतं. पाऊल वर उचलता येत नसेल तर लगेच कळवा. अंगठा वाकडा राहू नये म्हणून तो हाताने वर ओढायचा व्यायाम रोज करा.

तोंड उघडण्याचा व्यायाम टाळू नका. आरशासमोर बसून, जबडा सरळ रेषेत उघडतोय ना बघत, दिवसातून चार-पाच वेळा. बधिर ओठावर गरम चहाचा कप लावण्याआधी दुसऱ्या बाजूने अंदाज घ्या, आणि जेवताना तो ओठ दाताखाली येत नाही ना बघा. पुरुषांच्या तोंडात बसवलेल्या पायाच्या कातडीवर केस येऊ शकतात. घाबरून जाऊ नका, डॉक्टर ते काढून देतात.

दातांसाठी घाई नको. नवीन हाड जुळलं की साधारण सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे धातूचे स्क्रू, बसवून त्यावर दात लावता येतात. तोवर त्या बाजूने चावायचं नाही.

पुन्हा पुन्हा तपासणी

अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनीही परत आल्याची उदाहरणं आहेत. पहिली पाच वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि ते कायम. दर वेळी ओपीजी. नवी फिल्म जुन्या फिल्मशेजारी धरून पाहायला सांगा, म्हणून फाईल टाकू नका. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर फाईल तिच्याबरोबर जाऊ द्या. मुलगा नोकरीला पुण्यात किंवा दुबईत गेला तर सगळ्या कागदांचे आणि फिल्मचे फोटो त्याच्या फोनमध्ये असू द्या. तिथल्या दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगायचं: या जबड्यातून अमेलोब्लास्टोमा काढला आहे, या साली, या बाजूने, आतमध्ये प्लेट आहे. शेजारचा दात हलू लागला किंवा शिवणीपाशी हिरडी फुगली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जायचं.